बाजू बरोबर, मैदान वाकडे : कबड्डीच्या आखणीतून समांतर आणि लंब रेषांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा परिषद शाळेतली ही गोष्ट. शाळा पहिली ते आठवीची, मैदान मातीचे, एका बाजूला दगडी कंपाउंड. केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धा यंदा या शाळेकडे आल्या होत्या. मुलींच्या कबड्डीचे मैदान आठवीच्या मुलांनीच आखायचे, असे गणिताच्या बाई आणि खेळाचे काम पाहणारे गुरुजी यांनी मिळून ठरवले. बाईंचा त्यात हेतू होता. ‘समांतर रेषा व छेदिका’ शिकवून झाले होते आणि चौकोनांचे प्रकार सुरू व्हायचे होते. फळ्यावरचा आयत पायाखाली आला तर बरे, असा तो विचार. मी गणिताचा साधनव्यक्ती म्हणून त्या दिवशी शाळेत होतो. शाळेची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलींच्या मैदानाचे माप १२ मीटर बाय ८ मीटर. मधोमध मध्यरेषा. तिच्यापासून दोन्ही अंगणांत ३ मीटरवर निदानरेषा (चढाईत ओलांडायची रेषा) आणि निदानरेषेपुढे १ मीटरवर बोनस रेषा. लांब बाजूंच्या आत १-१ मीटरचे राखीव क्षेत्र, ज्याला हल्ली सगळे लॉबीच म्हणतात. म्हणजे अख्खे मैदान फक्त दोन प्रकारच्या रेषांचे. काही लांबीच्या दिशेने समांतर, काही रुंदीच्या दिशेने समांतर, आणि पहिल्या प्रकारची प्रत्येक रेषा दुसऱ्या प्रकारच्या प्रत्येक रेषेला लंब. चौकोनांच्या धड्यासाठी याहून चांगली आकृती शोधून सापडायची नाही.

साहित्य साधेच होते : एक ३० मीटरची टेप, सुतळी, लोखंडी खुंट्या, फक्कीची दोन पोती आणि फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी गुण्या. काम दोन गटांत वाटले. पहिल्या गटाने बाहेरचा आयत आणि मध्यरेषा काढायची. दुसऱ्या गटाने, यात सगळ्या मुली होत्या, आतल्या रेषा मारायच्या.

पहिल्या गटाची सुरुवात उत्तम झाली. कंपाउंडपासून २ मीटर अंतरावर, भिंतीला समांतर अशी १२ मीटरची बाजू त्यांनी घेतली. भिंतीपासूनचे अंतर मोजताना एका मुलाने टेपचे टोक भिंतीला धरून दुसरे टोक डावी-उजवीकडे फिरवले आणि जिथे आकडा सगळ्यात कमी आला तो धरला. लंबांतर म्हणजे सर्वांत कमी अंतर, हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते. मग या बाजूच्या एका टोकाहून ‘सरळ’ ८ मीटर मोजून खुंटी ठोकली. सरळ म्हणजे नजरेने सरळ. चौथी खुंटी मागेपुढे करत समोरची बाजू १२ आणि उरलेली बाजू ८ बसवली. चारही बाजू पुन्हा मोजल्या : १२, ८, १२, ८. लांब बाजूंचे मध्य सुतळीने जोडून मध्यरेषा ओढली, फक्की पडली आणि पोरे पाणी प्यायला गेली.

अडचण

दुसऱ्या गटाने आतल्या रेषा मारल्या आणि तपासायला म्हणून मुलींनी लगेच दोन-चार चढाया करून पाहिल्या. भिंतीच्या समोरच्या कडेने चढाई करून आलेली एक मुलगी थांबली आणि म्हणाली, “गुरुजी, हिकडच्या कडंला निदान लई जवळ हाय. तिकडच्या अंगणात जावं तर लांब.”

गुरुजींनी आधी हसण्यावारी नेले. चढाई जमली नाही की मैदान वाकडे, हा जुनाच खाक्या. पण ती टेप घेऊन आली. भिंतीकडच्या बाजूरेषेवर मध्यरेषा ते निदानरेषा दोन्ही अंगणांत चोख ३ मीटर होते. समोरच्या बाजूरेषेवर मोजले तर एका अंगणात ३ मीटर ४२ सेंटिमीटर, दुसऱ्यात २ मीटर ५८. (घाईत मुलींनी निदानरेषा लॉबीतूनही पार बाजूरेषेपर्यंत ओढल्या होत्या. नियमाने ते चूक, पण त्यामुळेच फरक ठळक दिसला.) चढाई करणाऱ्या खेळाडूने कुणाला स्पर्शही केला नाही आणि निदानरेषाही ओलांडली नाही तर ती बाद होते. एका संघाला २ मीटर ५८ आणि दुसऱ्याला ३ मीटर ४२ म्हणजे एका पावलाचा नव्हे, दोन पावलांचा फरक.

म्हणजे निदानरेषा मध्यरेषेला समांतर नव्हत्या. चूक कुणाची?

पहिला निर्णय : कुणाच्या रेषा पुसायच्या?

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटे हीच. सगळ्यांचा रोख दुसऱ्या गटाकडे गेला आणि तसे वाटायला कारणही होते. पहिल्या गटाने टेपने चारही बाजू मोजून दाखवल्या होत्या. दुसऱ्या गटाने प्रत्येक रेषेसाठी एकाच टोकाला मोजले होते : भिंतीकडच्या बाजूवर मध्यरेषेपासून ३ मीटर, तिथे लाकडी गुण्या बाजूरेषेला लावला, गुण्याच्या उभ्या कडेने सुतळी धरली आणि ती पलीकडच्या बाजूपर्यंत ताणली. गुण्याची कड जेमतेम ४० सेंटिमीटर. तिच्यावर सुतळी अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तर ८ मीटरवर १० सेंटिमीटरचा फरक पडतो. गुरुजींनी केरसुणी मागवली देखील.

बाईंनी त्यांना थांबवले. त्यांचा प्रश्न असा : दोन निदानरेषा आणि दोन बोनस रेषा, या चौघी एकमेकींना समांतर आहेत का? मोजले. आहेत. एकीपासून दुसरीचे अंतर दोन्ही टोकांना सारखे, फार तर बोटभर फरक. गुण्या धरताना हात हलला असता तर चार रेषा चार दिशांना गेल्या असत्या. चारही रेषा सारख्याच बाजूला, सारख्याच प्रमाणात चुकतील हे जरा अवघडच. एकाच रेषेला लंब असलेल्या रेषा एकमेकींना समांतर असतात, हा गुणधर्म मुलांनी वहीत लिहिलेला होता. इथे तो पुरावा म्हणून उभा राहिला.

गुण्याच खराब असेल तर, ही शंका एका मुलाने काढली आणि ती रास्त होती. वाकड्या गुण्याने मारलेल्या रेषाही एकमेकींना समांतरच येतात, फक्त त्या लंब नसतात. तेव्हा गुण्यावर विसंबून चालणार नव्हते, वेगळी कसोटी हवी होती. गटातल्या एका मुलीचे वडील गवंडी आहेत. ती म्हणाली, “बाई, पाया काढताना पप्पा तीन-चार-पाच करतेत.” त्रिकोणाच्या बाजू ३, ४ आणि ५ असल्या की ३ आणि ४ मधला कोन काटकोन असतो, ती ही कसोटी. निदानरेषेच्या पायथ्यापासून मध्यरेषेच्या पायथ्यापर्यंत बाजूरेषेवर ३ मीटर होतेच. निदानरेषेवर ४ मीटरची खूण केली आणि दोन टोकांमध्ये टेप ताणली. ५ मीटरला बोट-दोन बोटे कमी. या मातीवर याहून अचूक काही मिळत नाही. दुसऱ्या गटाच्या रेषा भिंतीकडच्या बाजूला लंब होत्या.

(दोरी आणि खुंट्यांची ही कसोटी आपल्याकडे किती जुनी आहे, हे बौधायन शुल्बसूत्र पाहिले की कळते. यज्ञवेदी आखण्यासाठी लिहिलेल्या त्या सूत्रांत ३-४, १२-५, १५-८, ७-२४ अशा बाजूंच्या आयतांची यादीच आहे. गवंड्याच्या मुलीला हे सांगायला हवे होते, त्या गडबडीत राहून गेले.)

कर्ण मोजल्यावर

आता बाहेरच्या चौकोनाकडे वळणे भाग होते. दोन्ही कर्ण मोजले. एक १४ मीटर ७७ सेंटिमीटर, दुसरा १४ मीटर ७ सेंटिमीटर. ७० सेंटिमीटरचा फरक! १२ बाय ८ च्या आयतात दोन्ही कर्ण १४.४२ मीटर यायला हवेत, कारण १४४ आणि ६४ मिळून २०८.

पहिला गट गोंधळला. “पण सर, चारी बाजू बरोबर हायेत की.” हे त्यांचे म्हणणे खरेच होते. आयताच्या समोरासमोरच्या बाजू समान असतात, हे त्यांना पाठ. समोरासमोरच्या बाजू समान असल्या की तो आयत, हे त्यांनी मनाने जोडून घेतलेले, आणि त्यात ती एकटी मुले नाहीत. मोठी माणसेही प्लॉट मोजताना चार बाजू मोजून समाधानाने टेप गुंडाळतात. विणायच्या आधीची बाजेची ढिली चौकट हाताने रेटली की कलते; चारही लाकडांची लांबी तीच राहते, कोपरे मात्र बदलतात. इथे तेच झाले होते. नजरेने ‘सरळ’ मोजलेली ती पहिली ८ मीटरची बाजू काटकोनात नव्हती, सुमारे ८७ अंशांत होती. पुढच्या खुंट्यांनी ती चूक इमानेइतबारे पुढे नेली.

या ठिकाणी बाईंनी जे केले ते मला फार आवडले. मुलांचे काम त्यांनी ‘चूक’ म्हणून बाद केले नाही. “तुम्ही काय सिद्ध केलंत आणि काय नाही?” असे विचारले. समोरासमोरच्या बाजू समान, म्हणून चौकोन समांतरभुज. म्हणून समोरची लांब बाजू भिंतीकडच्या बाजूला समांतर. एवढे पक्के, आणि ते निव्वळ टेपने मिळवलेले. काटकोन मात्र त्यात कुठेच आलेला नाही. चार लांब्यांतून समांतरता मिळाली, लंबता मिळाली नाही. ती स्वतंत्रपणे तपासावी लागते : एका कोपऱ्याशी ३-४-५ करून किंवा कर्ण मोजून. समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो आयत, हा गुणधर्म बहुतेकांनी याआधी ऐकला होता, पण तो कशासाठी लागतो हे त्यांना त्या मैदानात समजले.

समोरचे पर्याय

वेळ थोडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी संघ येणार होते. चार मार्ग चर्चेत आले.

पहिला, आहे तसे ठेवायचे. मध्यंतरानंतर संघ अंगणे बदलतातच, फिटंफाट होईल. असे एका पाहुण्या शिक्षकाने सुचवले, पण कुणी फारसे मनावर घेतले नाही. एकाच अंगणात उजवी आणि डावी कड वेगवेगळ्या लांबीची राहणार, ती अंगण बदलून कशी फिटणार?

दुसरा मार्ग गुरुजींचा, आणि तो दिसतो त्यापेक्षा बराच शहाणा होता. बाहेरची चौकट तशीच ठेवायची. निदान आणि बोनस या चार रेषा पुसून मध्यरेषेपासून दोन्ही टोकांना सारखे मोजून पुन्हा मारायच्या. मैदान समांतरभुज राहील, पण आडव्या रेषा सगळ्या एकमेकींना समांतर होतील. मी कागदावर हिशेब केला तर कड्यांवर ३ मीटर मोजलेल्या रेषांतले खरे लंबांतर २.९९६ मीटर येते. फरक चार मिलिमीटर! मैदानाचे क्षेत्रफळ ९६ ऐवजी ९५.८७ चौरस मीटर. खेळाच्या दृष्टीने यात काहीच अन्याय नाही. ८७ अंशांचा कोपरा एखाद्या पंचाच्या नजरेत भरला असता, एवढेच. खेळाला खरी बाधा येत होती ती निदानरेषा आणि मध्यरेषा समांतर नसल्याने. कोपऱ्यांचा काटकोन चुकला होता, पण त्याने कुणाची चढाई अडत नव्हती. गणिताच्या माणसाला हे पटवून घ्यायला जड जाते.

तिसरा मार्ग, सगळे पुसून ३-४-५ पासून नव्याने. स्वच्छ, पण फक्कीची दोनच पोती आणि त्यातले दीड संपलेले.

चौथा मार्ग बाईंनी मुलांकडून काढून घेतला. भिंतीकडची बाजू बरोबर आहे. समोरची बाजू तिला समांतर आहे. मग समोरच्या बाजूची रेषा जागची हलवायचीच कशाला? ती स्वतःच्याच रेषेवर सरकवायची. सरकली तरी समांतर राहणारच, आणि लॉबीच्या रेषांचेही तेच. फक्त दोन अंतिम रेषा (८ मीटरच्या बाजू) आणि मध्यरेषा, एवढ्या तीन तिरक्या रेषा पुसून सरळ करायच्या. दुसऱ्या गटाच्या चार रेषांना हात लावायचा नाही, त्या आधीच बरोबर आहेत. गुरुजींच्या मार्गात चार रेषा पुसाव्या लागत होत्या, इथे तीन, आणि मैदान काटकोनात येणार होते. वाद तिथेच मिटला.

काय केले

किती सरकवायचे, हे मापून पाहण्याआधी बाईंनी मातीत काडीने मांडले. सरकलेले अंतर क धरा. एका कर्णाखाली आडवे अंतर १२ + क, दुसऱ्याखाली १२ − क. उभे अंतर दोन्हींत तेच, म्हणून कर्णांच्या वर्गांची वजाबाकी केली की ते निघून जाते आणि (१२ + क)² − (१२ − क)² म्हणजे ४८क उरते. डावीकडे १४.७७² − १४.०७², म्हणजे ०.७० गुणिले २८.८४, म्हणजे २०.१९. भागाकार केला की क = ०.४२ मीटर. तेच ४२ सेंटिमीटर, जे त्या मुलीने निदानरेषेवर टेपने मोजले होते! विस्तारसूत्रांचा धडा इतका उपयोगी पडलेला मी क्वचितच पाहिला आहे. खरे सांगायचे तर तीन-चार मुलांनाच तो हिशेब कळला. बाकीच्यांना उत्तर जुळल्याचा आनंद झाला.

समोरच्या दोन्ही खुंट्या सुतळीच्या रेषेवरून ४२ सेंटिमीटर सरकवल्या. कर्ण पुन्हा मोजले : दोन्ही १४ मीटर ४२ ला किंचित कमी. रुंदी ८ मीटरला सुमारे एक सेंटिमीटर कमी भरली, कारण ८ मीटरची बाजू तिरकी होती, म्हणून दोन लांब रेषांमधले लंबांतर आधीपासूनच ८ मीटरहून थोडे कमी होते. यावर पुन्हा एक छोटा वाद झाला. पहिल्या गटाला तो एक सेंटिमीटरही हवा होता. फक्कीची रेषाच ५ सेंटिमीटर रुंद, असे म्हणून गुरुजींनी तो मिटवला, आणि ते बरोबरच होते.

समोरच्या लांब रेषेची एका टोकाची ४२ सेंटिमीटर शेपटी पुसली, दुसऱ्या टोकाला जोडली; लॉबीच्या रेषांचेही तसेच, फक्त तिथे शेपटी त्याहून लहान. निदानरेषांचे लॉबीत शिरलेले तुकडेही त्याच हाताने पुसले.

निष्पत्ती

दुसऱ्या दिवशी स्पर्धा झाल्या. मैदानाविषयी कुणाची तक्रार आली नाही. शेजारी मुलांचे १३ बाय १० मीटरचे मैदान आखताना पहिल्या गटाने आधी कर्ण किती यायला हवा ते काढले (१६.४० मीटर), मग एकाच वेळी बाजू आणि कर्ण धरून तिसरी खुंटी ठोकली. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की कोनही ठरतात, तिथे नजरेच्या ‘सरळ’ला जागा उरत नाही.

वर्गातला निकाल मात्र संमिश्र म्हणावा लागेल. पुढच्या आठवड्यात बाईंनी ठिपक्यांच्या कागदावर चौकोन देऊन समांतर आणि लंब बाजूंच्या जोड्या विचारल्या. सरळ ठेवलेला समांतरभुज चौकोन दिल्यावर जवळजवळ कुणीही त्याला आयत म्हटले नाही. आधी हमखास म्हणत. पण कागदावर तिरपा ठेवलेला चौरस आला की बरीच मुले अडली. ‘हा पतंग आहे’, ‘याला काटकोन नाही, कोपरा खाली आहे’ अशी उत्तरे आली. लंब म्हणजे एक बाजू आडवी आणि दुसरी उभी, ही समजूत मैदानाने मोडली नव्हती. मोडणार तरी कशी? आमचे मैदान भिंतीला समांतरच आखलेले होते. समलंब चौकोनात समांतर बाजूंची एकच जोडी असते, हे सांगताना काहींनी समान लांबीच्या तिरक्या बाजूंनाही समांतर म्हटले. लांबी सारखी म्हणजे समांतर, हा घोळ वेगळा, आणि कदाचित ‘१२, ८, १२, ८’ च्या यशाने तो थोडा वाढलाही असेल.

वेगळे काय करता आले असते

दोन गटांनी दोन वेगवेगळे आधार घेतले, हे मूळ दुखणे. पहिल्या गटाच्या आडव्या रेषा खुंट्यांवरून आल्या, दुसऱ्याच्या गुण्यावरून. काम वाटतानाच ‘सगळ्या रेषा अमुक एका रेषेवरून मोजायच्या’ असे ठरले असते तर मैदान वाकडे झाले असते, पण एकसारखे वाकडे, आणि चूक कदाचित कुणाच्या लक्षातही आली नसती. शिकवण्याच्या दृष्टीने ते परवडले असते का, यावर बाई आणि गुरुजी यांचे अजून एकमत नाही. गुरुजींच्या मते खेळाच्या मैदानावर प्रयोग नकोत. बाईंच्या मते दोन वेगळ्या पद्धती एकमेकींना भिडल्या म्हणूनच चूक सापडली. मी बाईंच्या बाजूचा आहे, पण मैदान आदल्या दिवशी नको, चार दिवस आधी आखावे.

केरसुणी मागवली गेली तो क्षण पुन्हा आला तर आधी दोन्ही गटांना ‘तुम्ही रेषा कशी काढली’ हे सांगायला लावावे. दुसऱ्या गटाने पद्धत सांगितली ती बाईंनी विचारल्यावर. तोवर त्या मुली गप्प होत्या, आणि पहिल्या गटातली मुले जोरजोरात आकडे सांगत होती.

बाहेरच्या चौकटीला फक्की मारण्यापूर्वी कर्ण मोजणे हे आखणीचेच काम समजावे, नंतरची तपासणी नव्हे. खुंट्या आणि सुतळी हलवायला मिनिट लागते, फक्की पुसायला अर्धा तास.

आणि पुढच्या वेळी सरावासाठी एक छोटे मैदान, समजा ६ बाय ४ मीटरचे, मुद्दाम भिंतीशी तिरपे आखून घ्यावे. कर्ण ७.२१ मीटर येतील. भिंत, व्हरांडा, झेंड्याचा कट्टा यांतल्या कशाचाही आधार न घेता नुसत्या टेपने काटकोन काढायला लागला की तिरप्या चौरसाची अडचण किती सुटते, ते बाई या सत्रात पाहणार आहेत.